कानातला आवाज बंद होत नसेल, तर उपचार कशावर करायचा?

पत्र असं आहे :

"मी ५३ वर्षांची आहे. छापखान्यात बाइंडिंगला २४ वर्षं काम करते, मशीनचा आवाज दिवसभर असतोच. दोन वर्षांपासून दोन्ही कानांत बारीक शिट्टी वाजल्यासारखा आवाज येतो. दिवसा कामात निभावतं, पण रात्री दिवा मालवला की नको होतं. कान-नाक-घसा तज्ज्ञांनी तपासलं. पडदे चांगले आहेत, मळ नाही, फक्त ऑडिओग्राममध्ये, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीत, वरच्या पट्टीतलं ऐकू कमी येतं म्हणाले. वर्षभर बीटाहिस्टिन आणि जिंकोच्या गोळ्या घेतल्या, काही फरक नाही. आता एक जण सांगतो श्रवणयंत्र लावा, दुसरा म्हणतो सीबीटी नावाचा मानसोपचार करा. मुलगी जिभेवर ठेवायच्या कुठल्याशा यंत्राची माहिती दाखवते. एका ठिकाणी डोक्याला चुंबकाचे उपचार सांगितले. सगळं करणं परवडणार नाही आणि तेवढी ताकदही उरलेली नाही. यातलं कुठलं केलं म्हणजे आवाज बंद होईल, एवढंच सांगा. घरातले म्हणतात, दुर्लक्ष कर. कसं करू? आणि मानसोपचार घ्यायला मी वेडी आहे का? कधी कधी वाटतं, नको हे सगळं.

ता. क. : हल्ली भांडी वाजलेलीही सोसत नाहीत, म्हणून घरात कानांत कापूस घालून वावरते. चालेल ना?"

ताई,

तुमच्या बाकीच्या प्रश्नांकडे येण्याआधी "नको हे सगळं" या ओळीबद्दल बोलते. ती थकून लिहिली असेल तर मला समजतं. दोन वर्षं नीट झोप नसलेलं माणूस असं लिहितं. पण त्यात स्वतःच्या जिवाचं काही करण्याचा विचार डोकावत असेल, अगदी अधूनमधून का होईना, तर हे पत्र पुढे वाचायच्या आधी घरातल्या एका माणसाला तसं स्पष्ट सांगा आणि आजच डॉक्टरांना गाठा. टिनिटसमध्ये, म्हणजे कानातल्या अशा सततच्या आवाजाच्या त्रासात, हे विचार येतात, हे या क्षेत्रातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. त्याकडे तातडीची बाब म्हणूनच पाहिलं जातं. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आता तुमचा मुख्य प्रश्न. यातलं कुठलं केलं म्हणजे आवाज बंद होईल? खरं सांगायचं तर, हमखास बंद करेल असं यात एकही नाही. कुणी तशी हमी देत असेल तर तिथून उठून या. पण तुम्ही लिहिलेल्या चार-पाच उपायांपैकी दोन तुमच्या उपयोगाचे आहेत, आणि ते का उपयोगाचे आहेत हे समजलं की निवड फारशी अवघड राहत नाही.

मोठ्या माणसांत साधारण १४ टक्के लोकांना टिनिटस असतो, असा २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेला जगभरच्या अभ्यासांचा एकत्रित अंदाज आहे. त्यातून जगणं अवघड झालेले सुमारे २ टक्के. म्हणजे आवाज ऐकणाऱ्यांपैकी बहुतेक जण त्याच्यासकट झोपतात, काम करतात, गप्पा मारतात. मग त्यांचा आवाज लहान आणि तुमचा मोठा, असं आहे का? मोजून पाहिलं तर बहुधा तसं निघत नाही. तपासताना आम्ही बाहेरून एक सूर ऐकवतो आणि तुमच्या कानातल्या आवाजाइतका मोठा झाला की सांगा म्हणतो. बहुतेक रुग्णांत तो त्यांना जेमतेम ऐकू येणाऱ्या पातळीच्या फक्त ५ ते १० डेसिबल वर जुळतो. आणि हा आकडा मोठा असलेला माणूस जास्त त्रासलेला असतो असंही नाही. आवाज किती मोठा आहे आणि तो किती छळतो, या दोन गोष्टी बऱ्याच अंशी वेगळ्या आहेत. तुमचे आजवरचे उपचार पहिल्या गोष्टीमागे लागले. दुसरीला अजून कुणी हात लावलेला नाही.

१९५३ मध्ये हेलर आणि बर्गमन या दोघांनी ऐकणं अगदी ठीक असलेल्या ८० जणांना एकेकटं ध्वनिरोधक खोलीत बसवलं आणि काय ऐकू येतं ते विचारलं. ९४ टक्के लोकांनी काही ना काही ऐकू आल्याचं सांगितलं. गुणगुण, घुंईघुंई, शिट्टी. बाहेर शांतता झाली की मेंदू आतलं काहीतरी ऐकू लागतो. तुमचा आवाज रात्रीच का चढतो, याचं अर्धं उत्तर इथे आहे.

उरलेलं अर्धं तुमच्या ऑडिओग्राममध्ये आहे. वर्षानुवर्षं मशीनच्या आवाजात राहिल्यावर आतल्या कानातल्या, म्हणजे कॉक्लियातल्या, आवाज टिपणाऱ्या नाजूक केसपेशी मरतात. बहुतेकदा ३००० ते ६००० हर्ट्झच्या, म्हणजे वरच्या पट्ट्यातल्या आधी जातात. त्या पुन्हा उगवत नाहीत. मग त्या पट्ट्यातून मेंदूकडे जाणारा संदेश कमी होतो आणि स्टेशन नीट लागत नसलं की आपण रेडिओचा आवाज वाढवतो तसा मेंदू स्वतःची संवेदनशीलता वाढवतो. वाढलेल्या आवाजात खरखरही वाढते. शिट्टीची पट्टी बहुधा ऐकू कमी येणाऱ्या पट्टीतलीच असते, ते यामुळे. हा आवाज सुरू कानातून झाला असला तरी आता तो मेंदूच्या श्रवणमार्गात वस्तीला आहे. श्रवणनसेवरची गाठ काढताना ज्यांची ती नस कापावी लागली त्यांच्यातल्याही अनेकांचा टिनिटस तसाच राहिला, एवढं सांगितलं म्हणजे कानात घालायच्या थेंबांबद्दल वेगळं बोलायला नको.

आता एकेक उपाय घेऊ.

गोळ्या. बीटाहिस्टिन चक्कर आणि मेनिएर्स या आतल्या कानाच्या आजारासाठी दिलं जातं. चक्कर येते असं तुम्ही लिहिलेलं नाही. नुसत्या टिनिटससाठी ते देऊ नये, असं उपचारांबद्दल मार्गदर्शन करणाऱ्या ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेच्या मार्च २०२० च्या मार्गदर्शनात स्पष्ट म्हटलं आहे. जिंको बायलोबा, झिंक, मेलाटोनिन यांची शिफारस करू नये, असं अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या अकादमीने २०१४ मध्येच सांगितलं. नैराश्यावरची, फिट्सवरची किंवा चिंता कमी करणारी औषधं निव्वळ टिनिटससाठी सरसकट देऊ नयेत, हेही अकादमीच्या त्याच मार्गदर्शनात आहे. तुम्हाला नैराश्य असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा ते औषध नैराश्यासाठी घ्यायचं आणि जरूर घ्यायचं. झोपेच्या गोळ्यांची सवय लागते, तेवढं सांभाळा. वर्षभरात फरक पडला नाही म्हणता, तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना "या दोन्ही गोळ्या थांबवू का?" असं सरळ विचारा. रक्त पातळ करणारं काही चालू असेल तर जिंकोबद्दल आठवणीने विचारा, त्याने रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो.

चुंबकीय उपचार. डोक्याबाहेरून चुंबकीय स्पंदनं देऊन मेंदूचा श्रवणभाग शांत करायचा, अशी ती कल्पना आहे. काही अभ्यासांत फायदा दिसला, इतरांत तुलनेसाठी दिलेल्या खोट्या, म्हणजे नुसत्या दिखाव्याच्या उपचाराइतकाच परिणाम निघाला. त्याच २०१४ च्या मार्गदर्शनात टिनिटससाठी हा उपचार नेहमीच्या वापरात करू नये असं म्हटलं आहे. तुमच्या यादीतून तो मी खोडते.

जिभेचं यंत्र. मुलीने दाखवलेलं बहुधा 'लेनायर' असावं. हेडफोनमधून ठरावीक आवाज आणि त्याच वेळी जिभेवर विजेच्या अगदी सौम्य टिचक्या. रोज तासाभरापर्यंत, सुमारे १२ आठवडे. अमेरिकेच्या औषध नियामकाने मार्च २०२३ मध्ये त्याला परवानगी दिली, म्हणजे हे फसवं यंत्र नव्हे. ३२६ जणांच्या पहिल्या मोठ्या अभ्यासात बऱ्याच लोकांचा त्रास कमी झाला आणि तो फरक वर्षभर टिकला. पण त्या अभ्यासात खोटं यंत्र दिलेला गट नव्हता. टिनिटसमध्ये हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे, कारण इथे नुसत्या आशेने आणि रोजच्या लक्ष देण्यानेही माणसाला बरं वाटतं. नंतरच्या, ११२ जणांच्या अभ्यासात आधी सहा आठवडे फक्त आवाज आणि मग सहा आठवडे जिभेची जोड असं देऊन पाहिलं. मध्यम किंवा त्याहून जास्त त्रास असलेल्यांना जोड दिल्यावर अधिक फायदा दिसला. हे आश्वासक आहे. तरीही खर्चीक आणि तुलनेने नव्या गोष्टीला मी पहिलं स्थान देणार नाही, विशेषतः साध्या गोष्टी अजून करून झालेल्या नसताना. मुलीला सांगा, यंत्राचा विचार सोडलेला नाही, पुढे ढकलला आहे.

आवाजाची थेरपी. शांत खोलीत पावसाचा, पंख्याचा किंवा नुसता सूं असा आवाज लावून ठेवणं. कुठलीही पद्धत दुसरीपेक्षा सरस आहे असं अभ्यासांतून ठामपणे निघालेलं नाही. पण धोका नाही, खर्च जवळपास नाही आणि रात्री तुम्हाला ताबडतोब आधार मिळेल. म्हणून आज रात्रीपासून सुरू करा. फक्त शिट्टी पूर्ण बुडेल इतका मोठा लावू नका. दोन्ही ऐकू येतील, बाहेरचा थोडा खालीच राहील, इतपत ठेवा. शिट्टी सतत झाकून ठेवली तर मेंदूला तिची सवय व्हायला वावच मिळत नाही. पावेल यास्त्रेबॉफ यांनी १९९० मध्ये मांडलेल्या विचारातून जी टिनिटस रिट्रेनिंग थेरपी निघाली, तिचा गाभा हाच : समजावून सांगणं आणि हलक्या आवाजाची सोबत. कुणी ती पद्धत मोठं पॅकेज म्हणून विकत असेल तर एवढं ध्यानात ठेवा. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १५१ जणांना १८ महिने पाहिलेल्या चाचणीत पूर्ण थेरपी, अर्धी थेरपी आणि नेहमीची चांगली काळजी यांत फारसा फरक निघाला नाही. तिन्ही गटांना बरं वाटलं. नीट समजावून सांगणारा माणूस भेटला की निम्मी भीती जाते, असा माझाही अनुभव आहे.

आता माझ्या मते तुमच्या कामाचे दोन उपाय.

पहिला श्रवणयंत्राचा. "मला तर ऐकू येतं" असं तुम्ही म्हणाल. येतं, पण 'स', 'फ' असे बारीक वर्ण निसटत असतील, बायका-मुलांचं बोलणं गर्दीत अर्धवट कळत असेल. तुमच्या बाबतीत एक खास गोष्ट आहे. कागदाची सळसळ बरीचशी वरच्या पट्टीतलीच. एवढी वर्षं कागद हाताळताय, आठवून बघा, ती पूर्वीइतकी ऐकू येते का? श्रवणयंत्र तो गेलेला पट्टा थोडा परत देतं. मेंदूला खरा संदेश मिळाला की त्याला स्वतःची खरखर वाढवायचं कारण कमी उरतं, शिवाय आजूबाजूच्या बारीकसारीक आवाजांत शिट्टी एकटी उठून दिसत नाही. श्रवणयंत्रावरचे अभ्यास सीबीटीइतके भक्कम नाहीत, हेही सांगते. तरीही ऐकू कमी येत असलेल्या टिनिटसच्या रुग्णाला यंत्र लावून पाहावं, यावर बहुतेक मार्गदर्शनं एकमत आहेत. शिट्टी जैसे थे राहिली तरी ऐकणं सुधारलेलं असतं, म्हणून मी ते आधी सांगते.

घेताना काही गोष्टींवर अडून बसा. तुमच्यासारख्या ऑडिओग्रामला कान पूर्ण बंद न करणारं, उघड्या टोकाचं यंत्र हवं. कान बुजला तर शिट्टी उलट वाढल्यासारखी वाटेल. यंत्र लावल्यावर कानात बारीक नळी घालून आवाज प्रत्यक्ष किती पोचतो ते मोजायला सांगा, नुसतं "बरं वाटतंय का?" विचारून सोडू देऊ नका. काही आठवडे वापरून परत करण्याची मुभा आहे का, ते आधी लिहून घ्या. सुरुवातीला नळाचं पाणी कर्कश वाटेल, स्वतःचं बोलणं परकं वाटेल. ते ओसरतं, पण त्यासाठी यंत्र सकाळपासून झोपेपर्यंत कानावर हवं. पेटीत ठेवलेल्या यंत्राने कुणाचा टिनिटस कमी झालेला मी पाहिलेला नाही.

दुसरा उपाय सीबीटी, म्हणजे कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी. तुम्ही वेडी नाही, ताई, आणि आवाज मनाचा खेळ आहे असंही कुणी म्हणत नाही. हीच पद्धत जुनाट दुखण्यासाठी आणि निद्रानाशासाठीही वापरतात. टिनिटसच्या त्रासावर आज सर्वांत भक्कम पुरावा याच उपायाचा आहे. उपचारांवरचे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०२० च्या आढाव्यात २८ अभ्यास आणि २७३३ रुग्ण आहेत. निष्कर्ष असा की टिनिटसमुळे जगण्यावर होणारा परिणाम थेरपीच्या अखेरीस कमी होतो. सहा महिने, वर्षभरानंतर तो कितपत टिकतो, यावरचा पुरावा मात्र कमी आहे. नेदरलँड्समध्ये ४९२ जणांवर झालेल्या आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सीबीटीवर आधारलेल्या टप्प्याटप्प्याच्या उपचाराने वर्षाअखेरीसही नेहमीच्या उपचारांपेक्षा चांगला परिणाम दाखवला. आवाजाचा मोठेपणा यात सहसा कमी होत नाही, हे आधीच माहीत असू द्या. नाहीतर चार भेटींनंतर "शिट्टी तर आहेच" म्हणून सोडून द्याल.

तिथे करतात काय? समजा रात्रीचे दोन वाजलेत. शिट्टी सुरू आहे. तिच्या मागोमाग विचारांची माळ लागते : आज वाढलाय, म्हणजे झोप गेली, उद्या कामात हात चुकणार, साहेब बोलणार, असंच चाललं तर नोकरी सोडावी लागणार. आवाज पहिल्या मिनिटाइतकाच आहे, पण छातीतली धडधड चौपट झालेली. मेंदूला धडधड म्हणजे धोका. धोक्याच्या आवाजावर तो पहारा ठेवतो, आणि पहाऱ्यातला आवाज झोपू देत नाही. थेरपिस्ट तुम्हाला ही माळ कागदावर उतरवायला लावतात. मग प्रत्येक मण्याला प्रश्न : झोप न झालेल्या दिवशी खरोखर किती चुका झाल्या? तुमचं उत्तर तुम्हालाच चकित करेल. त्याबरोबर लक्ष हलवण्याचा सराव असतो. तळपायाकडे, मग खोलीतल्या पंख्याकडे, मग मुद्दाम शिट्टीकडे, पुन्हा पायाकडे. घरातले "दुर्लक्ष कर" म्हणतात ते प्रेमाने, पण ठरवून दुर्लक्ष करायला गेलं की शिट्टी आहे का गेली हे सतत तपासावं लागतं. हा सराव त्याच्या उलट आहे. झोपेचाही एक भाग असतो : उठण्याची वेळ रोज एकच, आणि वीसेक मिनिटं डोळा लागला नाही तर अंथरुणातून उठून मंद दिव्यात काहीतरी संथ करत बसायचं.

टिनिटसची सीबीटी करणारा मानसशास्त्रज्ञ जवळ नसेल तर निद्रानाशावर सीबीटी करणाऱ्याकडे जा, ऑडिओलॉजिस्टशी, म्हणजे ऐकणं तपासणाऱ्या तज्ज्ञांशी, त्यांचं बोलणं करून द्या. इंटरनेटवरून, मार्गदर्शकाच्या मदतीने केलेली सीबीटीही टिनिटसवर उपयोगी पडते, असं स्वीडन आणि ब्रिटनमधल्या अभ्यासांत दिसलं आहे.

एक गोष्ट आत्ताच करून बघा. दात घट्ट आवळा, सोडा. मान एका बाजूला ताणून बघा. शिट्टीचा सूर किंवा जोर स्पष्ट बदलत असेल तर जबडा आणि मानेचा त्यात वाटा असू शकतो आणि फिजिओथेरपिस्टला दाखवणं फायद्याचं ठरू शकतं. बदलत नसेल तर त्यावर पैसे घालवू नका.

तेव्हा क्रम असा धरा. आज रात्री हलका आवाज. या महिन्यात श्रवणयंत्राची चाचणी आणि सोबतच सीबीटीची सुरुवात, एक संपल्यावर दुसरं असं नको. सुरू करण्याआधी ऑडिओलॉजिस्टकडून टिनिटस हँडिकॅप इन्व्हेंटरी, म्हणजे त्रास मोजणारी २५ प्रश्नांची प्रश्नावली, भरून घ्या. तिचा गुण ० ते १०० असतो. तीन महिन्यांनी पुन्हा भरा. ७ किंवा जास्त गुणांनी घट म्हणजे खरा फरक, असं साधारणपणे धरतात. शिट्टी आज किती मोठी आहे हे रोज वहीत मात्र नोंदवू नका, त्याने पहारा वाढतो. सहा महिन्यांत दोन्ही मनापासून करूनही गुण जागचा हलला नाही, तर जिभेच्या यंत्राबद्दल पुन्हा लिहा.

मध्येच आवाज एकाच कानात आला, नाडीच्या ठोक्यांबरोबर धडधडू लागला, गरगरू लागलं, चेहऱ्याची एक बाजू लुळी वाटली, किंवा एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं, तर वरचं सगळं बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा. अचानक आलेल्या बहिरेपणात तर त्याच दिवशी. स्टेरॉइडचे उपचार जितके लवकर सुरू होतील तितके बरे.

आणि कापूस. घरात नको. भांड्यांचा आवाज सोसत नाही याचाही अर्थ मेंदूने संवेदनशीलता चढवून ठेवली आहे असाच, आणि कापसाने ती आणखी चढते. एकदम काढणं जड जाईल, म्हणून सकाळी अर्धा तास काढा, दर दोन-तीन दिवसांनी वेळ वाढवत न्या. मागे हलका आवाज चालू असला तर सोपं जाईल. भांड्यांचा त्रास तरी वाढतच गेला तर ऑडिओलॉजिस्टना ते वेगळं सांगा. छापखान्यात मात्र कापूस पुरत नाही. मशीन चालू असताना हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल तर तिथला आवाज ८५ डेसिबलच्या आसपास किंवा वर आहे, आणि तिथे आवाज अडवणारे इअरमफ हवेत. मालकांकडे ते मागा, स्वतःसाठीही आणि शेजारी नव्याने लागलेल्या मुलींसाठीही.